पाडव्याच्या आत औषधांची पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा

होळी झाली, पाडवा तोंडावर आला. पंच्याहत्तरी-ऐंशीच्या पुढचं, हातापायांतलं बळ गेलेलं माणूस ज्या घरात आहे आणि त्या माणसाला बीपीच्या, शुगरच्या, हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, अशा प्रत्येक घराला माझी हात जोडून विनंती आहे. पाडव्याच्या आत एक दिवस काढा. उशाखालच्या, देव्हाऱ्यामागच्या, फ्रिजच्या दारातल्या, पर्समधल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा. चूर्णं, काढे, मलमं आणि डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा. आई-वडिलांना, आजी-आजोबांना सोबत घ्या आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या टेबलावर ती पिशवी रिकामी करा. तिथे दोन गोष्टी करून घ्या. बीपी बसवून किंवा झोपवून मोजलं की त्यांना उभं करून पुन्हा मोजायला सांगा. आणि पिशवीतल्या प्रत्येक औषधाबद्दल विचारा, हे कशासाठी सुरू झालं होतं आणि आज ते लागतं का?

तोवर स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. ही अट तितकीच महत्त्वाची आहे.

पाडव्याचीच मुदत का, तर पुढे चैत्र-वैशाख आहे. हिवाळ्यात बीपी थोडं चढतं आणि उन्हाळ्यात उतरतं, हे बहुतेकांच्या बाबतीत घडतं. उकाड्यात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घामावाटे पाणी आणि मीठ जातं. जानेवारीत जो डोस बरोबर होता तोच मे महिन्यात जास्त होऊ शकतो. त्यात म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते. पुष्कळ आज्या तर मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण वारंवार मोरीकडे जायला गुडघे साथ देत नाहीत आणि कुणाला हाक मारायचा संकोच वाटतो. लघवीची गोळी मात्र ठरल्या वेळी पोटात जात असते. थकलेलं शरीर उन्हाळ्यातल्या विहिरीसारखं असतं, पाणी तळाला गेलेलं. चार घागरी जास्त उपसल्या की खडक उघडा पडतो. तरण्या माणसाला एक दिवसाचे जुलाब झाले तर तो दुसऱ्या दिवशी कामावर जातो. तोळामासा प्रकृतीच्या माणसाची तेवढ्याने किडनी आजारी पडते, बीपी कोसळतं, तोल जातो. अकोला, जळगाव, नागपूर, चंद्रपूरकडच्या घरांना हे मी वेगळं सांगायला नको.

थकलेलं म्हणजे नेमकं कोण? वयाच्या आकड्यावरून हे ठरत नाही. पंच्याऐंशीव्या वर्षी रोज पहाटे पर्वती चढणारे आजोबा पुण्यात भेटतात, आणि सत्तरीतच खुर्चीच्या हातांवर रेटा दिल्याशिवाय उठू न शकणारी माणसंही भेटतात. अमेरिकेतल्या लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली पाच खुणा मांडल्या, त्या आजही जगभर वापरल्या जातात. प्रयत्न न करता वजन उतरणं, सतत थकवा, मुठीतली ताकद कमी होणं, चाल मंदावणं आणि एकूण हालचालच घटणं. यातल्या तीन किंवा अधिक असतील तर ते माणूस या गटात मोडतं. घरात हे पाहायला यंत्र लागत नाही. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, बरणीचं झाकण उघडेना, बाजारापर्यंतचं चालणं देवळापर्यंत आलं आणि देवळापर्यंतचं अंगणापर्यंत आलं, हे सगळं घरातल्यांना दिसत असतं. त्याला आपण वय झालं म्हणतो आणि पुढे जातो. डॉक्टरांना ते सांगत नाही. खरं तर बीपी किती ठेवायचं, शुगर किती ठेवायची, याचा निर्णय ज्या माहितीवर फिरतो ती हीच आहे.

आता एक साखळी सांगतो. ती मी इतक्यांदा पाहिली आहे की पावलं पाहून मागचा रस्ता ओळखता येतो. आजींना बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपीन सुरू होतं. चांगली, स्वस्त, उपयोगी गोळी. काही जणांच्या घोट्यांवर तिने सूज येते. सूज पाहून घरचे घाबरतात, दुसऱ्या डॉक्टरांकडे नेतात, तिथे सूज उतरवायला लघवीची गोळी मिळते. या प्रकारच्या सुजेवर त्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही, पण लघवी मात्र वाढते. आजी रात्री तीन-चार वेळा उठू लागतात. अंगातलं पाणी आणि सोडियम कमी झाल्याने उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते. मोरीच्या उंबऱ्याशी पाय अडखळतो आणि खुबा मोडतो. पुढचं कागदावर लिहिलं जातं ते ‘घसरून पडल्या’ एवढंच. पहिल्या गोळीचं नाव त्या कागदावर कुठेच येत नाही.

एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्याच्यावर दुसरं औषध चढवणं, या प्रकाराकडे पॉला रोशॉन आणि जेरी गुर्विट्झ या दोन संशोधकांनी १९९७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधून जगाचं लक्ष वेधलं. आपल्याकडे त्याला आणखी एक फाटा फुटतो. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर येतं. आजोबा इमानेइतबारे दोन्ही घेतात. पट्टीवर कंपनीने दिलेल्या नावासोबत मूळ औषधाचं नावही असतं. ते वाचायला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे पुरत नाहीत. म्हणून पिशवी न्यायची. नुसती फाइल नेऊ नका, मोबाइलमधला फोटो दाखवू नका. फाइलमध्ये डॉक्टरांनी काय लिहिलं ते असतं, पोटात काय जातं ते पिशवीत असतं. प्रोस्टेटसाठी दिलेली टॅम्सुलोसिन उभं राहताना बीपी पाडू शकते. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंब रक्तात मिसळून नाडी मंद करू शकतात, विशेषतः हृदयासाठी त्याच जातीची गोळीही चालू असेल तर. डोळ्यांच्या डॉक्टरांना हृदयाची गोळी ठाऊक नसते आणि हृदयाच्या डॉक्टरांना थेंब. दोन्ही ठाऊक असणारं माणूस घरात असतं, पण त्याला कुणी विचारत नाही.

मग म्हाताऱ्या माणसाच्या बीपीच्या गोळ्या सोडूनच द्याव्यात का? मुळीच नाही. ऐंशीच्या पुढे औषध देऊन फायदा होतो का, हा प्रश्न एके काळी खरोखरच खुला होता. २००८ साली ‘हायव्हेट’ या चाचणीने त्याचं उत्तर दिलं. ऐंशी वर्षांवरच्या ३,८४५ जणांत, १५०/८० एवढं माफक लक्ष्य ठेवून उपचार केल्यावर एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी आणि हृदय निकामी होण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी झालं. इतका लाभ देणारी औषधं वय झालं म्हणून काढून घेणं हा अन्याय आहे. ‘आता या वयात काय करायचंय’ असं म्हणून ज्या घरांत बीपी मोजलंच जात नाही, त्यांनाही हे आवाहन आहे. १८० बीपी घेऊन बसलेल्या आजींना पक्षाघात झाला तर पुढची सगळी वर्षं अंथरुणात जाऊ शकतात.

पण या चाचण्यांत कोण होतं हेही पाहायला हवं. ‘हायव्हेट’मधली मंडळी त्या वयाच्या मानाने बरीच धडधाकट होती. २०१५ साली गाजलेल्या अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट’ चाचणीने वरचं बीपी १२० च्या खाली आणल्याचा फायदा दाखवला, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांतही दाखवला. मात्र तिच्यात मधुमेह असलेले नव्हते, पक्षाघात होऊन गेलेले नव्हते, वृद्धाश्रमातले नव्हते आणि उभं केल्यावर बीपी ११० च्या खाली जाणारेही नव्हते. आपल्या घरातले आजोबा बहुधा यातल्या कुठल्या तरी कारणाने त्या चाचणीच्या दारातूनच परत गेले असते. तिचा आकडा त्यांच्यावर जसाच्या तसा लावता येत नाही.

वृद्धाश्रमांत राहणाऱ्या थकलेल्या माणसांचा अभ्यास फ्रान्स आणि इटलीत झाला, त्याचं नाव ‘पार्ताज’. ऐंशीच्या पुढच्या ११२७ जणांत, दोन किंवा जास्त गोळ्या घेऊन ज्यांचं वरचं बीपी १३० च्या खाली गेलं होतं, त्यांच्यात मृत्यू जास्त आढळले. ते नुसतं निरीक्षण होतं, गोळ्यांमुळेच मृत्यू झाले असं त्यावरून म्हणता येत नाही. आधीच खंगलेल्या माणसाचं बीपी आपोआपही उतरतं. म्हणूनच पुढे फ्रान्समध्ये याच गटातल्या माणसांच्या गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी करून पाहण्याची रीतसर चाचणी झाली. २०२५ साली तिचे निष्कर्ष आले. गोळ्या कमी केलेल्यांत आणि तशाच चालू ठेवलेल्यांत मृत्यूचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. गोळ्या कमी केल्याने आयुष्य वाढलं नाही, घटलंही नाही. माझ्या मते याचा अर्थ इतकाच की थकलेल्या माणसाबाबत आकडा हे एकमेव दैवत मानायचं कारण नाही. त्याला चक्कर येते का, तो पडतो का, त्याला गोळ्या गिळणं जड जातं का, यांना निर्णयात पहिली जागा द्यायला वाव आहे. ब्रिटनमध्ये ऐंशीच्या पुढे दवाखान्यात मोजलेलं बीपी १५०/९० च्या खाली असावं एवढंच सांगतात, आणि थकलेल्यांसाठी डॉक्टरांनी तारतम्य वापरावं म्हणतात. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२४ च्या सूचनाही पंच्याऐंशीच्या पुढचे, थकलेले किंवा उभं राहिल्यावर बीपी पडणारे यांच्यासाठी लक्ष्य सैल करतात.

तेव्हा उभं राहून बीपी. पाच मिनिटं निवांत बसवून किंवा झोपवून एकदा मोजायचं. मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उभं राहिल्यावर बीपी पडतं असं समजायचं. उभं असताना कुणीतरी शेजारी हात धरून राहा. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू-मिश्री नको, लघवीला जाऊन आलेलं असावं, हाताला टेबलाचा आधार असावा. हात काडीसारखा बारीक असेल तर त्याला लहान पट्टा लागतो. मोठ्या पट्ट्याने आकडा खरा येत नाही. घरी यंत्र असेल तर सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर तासाभराने अशा नोंदी आठवडाभर लिहून न्या, कारण पुष्कळ ज्येष्ठांचं बीपी जेवल्यावर उतरतं. दुपारचं जेवण करून हात धुवायला उठताना आजोबा पडले, असं घडतं ते यामुळे. वहीतला हा अर्धा कागद शंभर रुपयांच्या कुठल्याही तपासणीपेक्षा मोलाचा आहे.

शुगरच्या बाबतीत तर मी अधिकच काकुळतीने सांगतो. थकलेल्या माणसाला थोडी वाढलेली शुगर आज मारत नाही, उतरलेली शुगर आज रात्री मारू शकते. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या आणि इन्सुलिन, ही शुगर खाली ढकलणारी औषधं आहेत. माणूस जेवलं की नाही, हे त्यांना कळत नाही. सकाळी गोळी झाली, दुपारी भूक नव्हती म्हणून चार घास खाल्ले, संध्याकाळी एकादशी म्हणून नुसतं ताक घेतलं, आणि मध्यरात्री घाम फुटून आजी असंबद्ध बोलायला लागल्या. घरच्यांना वाटतं वयामुळे भ्रम झाला. हृदयाच्या काही गोळ्या, मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉलसारख्या, छातीतली धडधड आणि हातांची थरथर दाबून टाकतात, त्यामुळे शुगर उतरल्याची नेहमीची खूणही दिसत नाही. अशा वेळी माणूस शुद्धीवर आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून द्यावी, पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा तपासावी. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा.

अनेक आजार असलेल्या ज्येष्ठांसाठी तीन महिन्यांची साखर, ज्याला आपण एचबीए१सी म्हणतो, ८ टक्क्यांच्या आत असली तरी पुरे, असं अमेरिकेतली मधुमेहतज्ज्ञांची संस्थाच सांगते. त्याहून खंगलेल्यांसाठी तर त्या आकड्यावर विसंबू नका, शुगर उतरू देऊ नका आणि फार चढून त्रास होऊ देऊ नका, एवढंच तिचं म्हणणं आहे. तरीही आजींच्या रिपोर्टवर ६.२ दिसला की घरात कौतुक होतं. गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या ऐंशी वर्षांच्या आजींचा हा आकडा पाहून मला काळजी वाटते, आणि तुम्हालाही वाटायला हवी. आणखी एक. ज्यांना या गोळ्या चालू आहेत त्यांना चैत्री नवरात्राचे, एकादशीचे उपास त्या गोळ्यांसकट करू देऊ नका. श्रद्धेशी वाद घालायची गरज नाही. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते आधी डॉक्टरांकडून लिहून आणा. ते लिहून मिळालं नाही तर उपास नको.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबत लोकांच्या दोन उलट्या समजुती आहेत. हृदयाचा कुठलाच आजार झालेला नसताना केवळ काळजीपोटी, शेजारचे घेतात म्हणून अ‍ॅस्पिरिन घेणारे खूप आहेत. २०१८ साली ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ ज्येष्ठांवरच्या ‘अ‍ॅस्प्री’ चाचणीत निरोगी माणसांना रोजच्या अ‍ॅस्पिरिनने धडधाकट आयुष्य जास्त मिळालं नाही, मोठे रक्तस्राव मात्र वाढले. ज्यांना झटका येऊन गेला आहे, स्टेंट बसला आहे, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन गेली आहे, त्यांची गोष्ट अगदी वेगळी. त्यांनी हे वाचून अ‍ॅस्पिरिन सोडली तर मोठा घात होईल. झटका येऊन गेलेल्यांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीलाही हेच लागू आहे.

दुसरी समजूत अशी की आजोबा पडतात, म्हणून त्यांची रक्त पातळ करणारी गोळी बंद करावी. हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार, ज्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, त्यात हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. ती रोखायला हीच गोळी लागते आणि नुसती अ‍ॅस्पिरिन तिची जागा घेत नाही. ब्रिटनमधल्या ‘बाफ्टा’ चाचणीने पंच्याहत्तरीच्या पुढच्या रुग्णांत हे २००७ सालीच दाखवलं. पडण्याची भीती असेल तर पडणं थांबवायचं, मोरीत आधाराचा दांडा लावायचा, रात्री दिवा ठेवायचा, चपला बदलायच्या, बीपीची गोळी तपासायची. रक्त पातळ करणारी जुन्या प्रकारची गोळी सुरळीत चालू असलेल्या थकलेल्या माणसाला नव्या प्रकारच्या गोळीवर उगाच बदलायचंही नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत असा बदल केलेल्यांत रक्तस्राव वाढले आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. नवी गोळी वाईट नाही, अनेकांसाठी ती पहिल्यापासूनच चांगली. पण शहरातून आलेल्या मुलाने ‘आता नवीन आलीय’ म्हणून आग्रह धरावा, एवढं कारण पुरेसं नाही.

आता गुडघ्यांच्या गोळ्या. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या अंगात पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात, थकलेल्या हृदयाला आणखी थकवतात. बीपीची टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल, त्यात लघवीची गोळी आणि वर ही दुखण्याची गोळी, अशा तिन्ही एकत्र आल्या की किडनीवर तिन्हीकडून घाला पडतो. उन्हाळ्यात तर हमखास. औषध दुकानदार बंधू-भगिनींना माझं कळवळून सांगणं आहे, पांढऱ्या केसांचं माणूस गुडघ्यांसाठी गोळी मागायला आलं तर आधी विचारा, बीपीची गोळी चालू आहे का? हो म्हणाले तर डॉक्टरांकडे पाठवा. तुमच्या हातात त्या घडीला जेवढं आहे तेवढं आम्हा डॉक्टरांच्याही हातात नसतं. पाण्यात फसफसणाऱ्या अ‍ॅसिडिटीच्या पुड्यांतही भरपूर सोडियम असतं. ‘बीपीवाल्यांसाठी चांगलं’ म्हणून विकलं जाणारं कमी सोडियमचं मीठ किडनी कमजोर असलेल्या किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या ज्येष्ठाच्या रक्तात पोटॅशियम धोक्याच्या पातळीपर्यंत नेऊ शकतं. नारळपाण्याचंही तेच. उन्हाळा आहे म्हणून रोज दोन शहाळी पाजण्याआधी विचारा.

पथ्याच्या नावाखाली होणारी उपासमारही थांबवा. मीठ नको, साखर नको, तूप नको, भात नको, आणि दात नाहीत म्हणून भाकरी नको, असं करत आजींच्या ताटात चहा-बिस्किट उरतं. मग स्नायू झडतात आणि त्यासोबत तोल जातो. त्यांना मऊ मुगाची खिचडी, दही, दूध, उसळीचं घट्ट कढण, खात असतील तर अंडी आणि मासे, असं रोज दोन-तीन वेळा प्रथिनं मिळायला हवीत; किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून. मीठ बेताचं असावं, पापड-लोणच्यावर हात आखडता असावा. पण बेचव जेवणाने जेवणच तुटणार असेल तर त्या पथ्याचा फायदा काही नाही. आणि खुर्चीतून हात न टेकता उठायचा सराव दिवसातून दोन वेळा, शेजारी माणूस उभं ठेवून. या वयात या व्यायामाइतकं काम करणाऱ्या गोळ्या मला फारशा माहीत नाहीत.

माझ्या डॉक्टर मित्रांना एक विनंती. ओपीडीत पन्नास माणसं बसलेली असताना पिशवी उपसायला वेळ नसतो, मान्य. म्हणून पाडव्यापर्यंत आठवड्यातली एक दुपार फक्त यासाठी ठेवा. दारावर पाटी लावा. जी गोळी दुसऱ्या तज्ज्ञाने सुरू केली ती आपण कशी काढायची, हा संकोच सोडून त्यांना एक फोन करा. आरोग्य केंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी बीपी मोजतातच. ज्येष्ठांना उभं करून मोजण्याची दोन मिनिटं त्यात घाला. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी वाढदिवसाच्या सत्काराऐवजी या महिन्यात पिशव्या तपासण्याचं शिबिर घ्यावं. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसं एक कोटीहून जास्त होती. सगळ्यांपर्यंत एकटे डॉक्टर पोचू शकत नाहीत.

पुण्या-मुंबईत, बंगळुरात, न्यू जर्सीत, दुबईत राहणाऱ्या मुला-मुलींनो, तुम्ही इथून-तिथून गोळ्या पाठवता, दर महिन्याची ऑर्डर आपोआप येते, त्यामागची माया मला दिसते. पण आपोआप येणारी ऑर्डर कुणी थांबवत नाही. डॉक्टरांनी बंद केलेली गोळीही दर महिन्याला घरपोच येत राहते. येत्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ‘जेवलीस का?’ याच्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारा. उठल्यावर अंधारी येते का, गेल्या सहा महिन्यांत तू पडलीस का, रात्री किती वेळा उठावं लागतं. पडल्याचं आई लपवेल, कारण तुम्ही तिचं एकटीचं फिरणं बंद कराल ही तिची भीती आहे. त्यामुळे रागावू नका. सोबत न्यायला कुणीच नसेल तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मोफत हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळतं.

काही गोष्टींना मात्र पाडव्याची वाट पाहायची नाही. छातीत दाब किंवा दम, एका बाजूचं तोंड-हात-पाय वाकडं किंवा लुळं पडणं, बोलणं अडखळणं, काळी शौच, रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार, मग बाहेरून काही दिसत नसलं तरी. लगेच १०८. हृदय कमजोर असलेल्यांचं वजन तीन दिवसांत दोन किलोने वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टर. उलट्या-जुलाब सुरू झाले, खाणं-पिणं तुटलं तर लघवीची, बीपीची, शुगरची कोणती गोळी त्या दिवसापुरती थांबवायची ते फोनवर विचारा. हा प्रश्न पिशवी घेऊन जाल तेव्हाच विचारून उत्तर वहीत लिहून आणलंत तर उत्तम.

डॉक्टरांनी एखादी गोळी कमी केली तर घाबरू नका, पण पाठ फिरवून निघूनही जाऊ नका. ती कमी करायची असते एका वेळी एकच, आणि काही गोळ्या हळूहळू, कारण मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम तोडली तर छातीत दुखू लागतं, क्लोनिडीन तोडली तर बीपी उसळतं. इंग्लंडमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिमाइज’ चाचणीत ऐंशीच्या पुढच्या ५६९ जणांपैकी निम्म्यांची बीपीची एक गोळी काढली. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत जवळपास सारख्याच प्रमाणात लोकांचं बीपी १५० च्या आत होतं. गोळी काढलेल्या तिघांपैकी साधारण दोघांना ती पुन्हा लागली नाही, एकाला लागली. तुमच्या घरातलं माणूस यातलं कोणतं निघेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून गोळी कमी केल्यावर चार आठवडे बीपीची नोंद ठेवायची आणि वही घेऊन परत जायचं. पुन्हा लागली तर पुन्हा सुरू करायची. बदललेली यादी मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहा, मूळ औषधाचं नाव, किती, कधी, कशासाठी, आणि वर तारीख. एक प्रत कपाटाच्या दारावर, एक आजोबांच्या खिशात, एक मेडिकलवाल्याकडे. बंद झालेल्या पट्ट्या त्याच दिवशी घरातून काढून टाका. आणि डॉक्टरांची वेळ आजच फोन करून घ्या; पाडव्याच्या आठवड्यात दवाखान्यांत गर्दी असते.